मिस्त्रींचे कान

मिस्त्रींना माणूस आधी ऐकू यायचा आणि मग दिसायचा. जालन्यात भाड्याची खोली शोधत मी त्यांच्या अंगणात शिरलो, तेव्हा ते माझ्याकडे पाठ करून गहू निवडत बसले होते. मान न वळवता म्हणाले, "डाव्या चपलीचा अंगठा ढिला झालाय. दोन दिसांत तुटंल." दोन दिवसही लागले नाहीत. दुसऱ्याच दिवशी भर बाजारात ती तुटली आणि नोकरीच्या पहिल्या दिवशी मी चप्पल हातात धरून कॉम्प्युटरच्या क्लासवर शिकवायला पोचलो.

खोली दाखवायच्या आधी त्यांनी माझी परीक्षा घेतली. ओसरीवरच्या दोन माठांवर टिचक्या मारल्या आणि विचारलं, "ह्यातला तडा गेलेला कोनता?" मला दोन्ही सारखेच वाजले. तसं मी सांगून टाकलं. ते म्हणाले, "चालतंय. कळत न्हाई म्हननारा मानूस बरा. मागच्या भाडेकरूला समदंच कळायचं." मी चार वर्षं त्यांच्या माडीवर राहिलो. चांगला भाडेकरू म्हणून राहिलो असं मात्र मला त्यातल्या पहिल्या तीन वर्षांबद्दलच म्हणता येईल.

एमआयडीसीतल्या एका रोलिंग मिलमध्ये त्यांनी सगळी हयात फिटर म्हणून काढली होती. भट्टीतून निघालेलं लालभडक लोखंड रुळांमधून दाबून त्याच्या सळ्या ओढायच्या, असं तिथलं काम. आवाज इतका की शेजारच्या माणसाशी बोलायचं तरी हातवारे करावे लागतात. अशा जागी जन्म काढलेले बहुतेक लोक म्हातारपणी ठार बहिरे होतात. मिस्त्रींनी मात्र कामाच्या पहिल्या दिवसापासून कानात मेणात भिजवलेल्या कापसाचे बोळे घातले. सोबतचे हसायचे, कुणी "नवरीला मुंडावळ्या कधी" असंही विचारायचं. मिस्त्री बोळे काढायचे ते फक्त मशीनचं ऐकायचं असलं तरच. मग एक लांब पेचकस घ्यायचे, त्याचं टोक बेअरिंगवर टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटून उभे राहायचे. थोड्या वेळानं निकाल लागायचा. "हिला अजून महिना बघायची गरज न्हाई." किंवा, "हिला आजच उतरवा. जल्दी."

निवृत्त होऊनही त्यांची सुटका नव्हती, आणि त्यांना ती नकोच होती. दर सोमवारी सकाळी मिलमधला एकजण मोटारसायकलवर न्यायला यायचा. मिस्त्री आदल्या दिवशीच धुतलेला पांढरा सदरा काढून ठेवायचे. मिलचा मालक स्वतः खुर्ची पुढे करतो, मिस्त्रींनी मान हलवल्याशिवाय पाळी सुरू होत नाही, हे गल्लीतल्या प्रत्येकाला माहीत होतं, कारण मिस्त्रींनीच ते प्रत्येकाला सांगितलं होतं. पैसे घेत नसत. चहा घेत, आणि त्यातही बशी खडखडली की परत पाठवत.

गल्लीतली माणसंही त्यांना सोडत नसत. उन्हाळा आला की माठ घ्यायला त्यांना बाजारात ओढून न्यायचं. टरबूज तेच वाजवून देणार. कुणाच्या घरातला मिक्सर नीट चालेनासा झाला तरी बाई तो उचलून आणायच्या आधी मिस्त्री रस्त्यावरूनच सांगायचे, "ब्रश गेलाय त्याचा." त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: "डोळ्याला झाकन दिलं, तोंडाला दिलं. कानाला दिलं न्हाई. काही तरी कारन असंलच ना?"

मलाही त्या कानांनी एकदा वाचवलं. मी माडीवर तापानं पडलो होतो आणि साधा खोकला आहे असं समजून गोळ्या खात होतो. तिसऱ्या दिवशी मिस्त्री जिना चढून आले. म्हणाले, "तुमचा खोकला कालपासून खाली उतरलाय. कपडे घाला, दवाखान्यात चला." डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि न्यूमोनिया आहे म्हणाले. मिस्त्री मला म्हणाले, "डॉक्टरला नळी लागते." पुढचे आठ दिवस माझं जेवण त्यांनीच केलं. त्यांची बायको वारून बरीच वर्षं झाली होती, एकुलती एक मुलगी लग्न होऊन परतूरला होती, त्यामुळं वरण-भात त्यांना बरा जमायचा. हे सगळं मला आठवतं, आणि म्हणूनच पुढचं सांगायला जड जातं.

त्यांच्या पुढच्या खोलीत एक गाण्याचा संच होता. एका बियाणे कंपनीच्या साहेबाची बदली झाली तेव्हा त्यांनी तो निम्म्या किमतीत घेतला होता. रेकॉर्ड प्लेअर, जड लोखंडी पेटीचा अॅम्प्लिफायर आणि कमरेएवढे दोन स्पीकर. अॅम्प्लिफायरवरची इंग्रजी अक्षरं त्यांना रुचायची नाहीत, म्हणून गोल खटक्याभोवती 'रेकॉर्ड', 'रेडिओ' आणि शेजारच्या बटणावर 'टेप' असं चिकटपट्टी लावून बॉलपेननं लिहिलेलं होतं. वरच्या फळीवर छोटी बुद्धमूर्ती आणि बाकी काही नाही. काही ठेवलं की ते थरथरतं, म्हणायचे.

दर रविवारी पाच वाजता तिथं बैठक भरायची. नाक्यावरचे शिंपीकाका, मिलचा सुपरवायझर, गल्लीतले आणखी दोघं-तिघं आणि मी. नियम कडक. रेकॉर्डची एकच बाजू लागणार. ती सुरू व्हायच्या आधी पंखा बंद, फ्रीज बंद, भिंतीवरचं घड्याळ काढून अंथरुणात गुंडाळलेलं. मे महिन्यात आम्ही घामानं निथळत बसायचो. 'वा' म्हणायची मनाई, कारण तेवढं गाणं त्याखाली बुडतं. शिंपीकाकांना एकदा शिंक आली तर मिस्त्रींनी सुई उचलली, पहिल्यापासून लावली आणि म्हणाले, "हं, आता शिंकून घ्या. मंग लावतो."

त्यांच्याकडची सनईची एक रेकॉर्ड पार झिजली होती. मीच म्हणालो की ती कॉम्प्युटरवर उतरवून घेऊ, म्हणजे कितीही वेळा ऐका, झिजायची नाही. मी कॉम्प्युटर शिकवणारा माणूस. जिथं तिथं कॉम्प्युटर लावायची मला तेव्हा खाजच होती. मिस्त्रींनी दोन महिने विचार केला आणि हो म्हणाले. मी माझा कॉम्प्युटर खाली आणला, वायरी आणल्या, आणि अॅम्प्लिफायरच्या मागच्या 'टेप'च्या भोकात जोडणी करून दिली. पुढचं 'टेप'चं बटण आत दाबलं की कॉम्प्युटर वाजणार, बाहेर काढलं की नेहमीसारखी रेकॉर्ड. काम सोपं आणि चोख झालं. त्यांच्या सगळ्या रेकॉर्डी मी महिनाभरात उतरवल्या. जागा कमी लागावी म्हणून गाणी जरा दाबून लहान केली, जशी सगळेच करतात.

मिस्त्रींनी सनई कॉम्प्युटरवरून ऐकली. पुन्हा ऐकली. मग म्हणाले, "बरं हाये. पण वाजवनारा श्वास घेऊन न्हाई राह्यला."

मी समजावलं की आकडे तेच असतात, फरक असला तरी माणसाच्या कानाला कळण्याएवढा नसतो. ते ऐकून घ्यायचे आणि रविवारी परत रेकॉर्डच लावायचे. कॉम्प्युटर कोपऱ्यात मुका. एका रविवारी शिंपीकाकांनी सहज विचारलं, सरांच्या मशीनचं काय झालं. मिस्त्री म्हणाले, "कॉम्प्युटर गात न्हाई हो. गानं वाचून दाखवतो." सगळे हसले. सुपरवायझर तर मांडीवर थाप मारून हसला. मला ते लागलं. आता वाटतं, काय एवढं लागण्यासारखं होतं? पण तेव्हा मी सत्तावीस वर्षांचा होतो, केदारखेड्याहून येऊन शहरात 'सर' झालो होतो, आणि हसणाऱ्यांत आठवी नापास शिंपी होता. असला हिशेब मी मनात केला, हे कबूल करायला लाज वाटते.

मी म्हणालो, "मिस्त्री, पुढच्या रविवारी परीक्षा घेऊ. मी पडद्यामागून वाजवतो, तुम्ही रेकॉर्ड कोणती आणि कॉम्प्युटर कोणता ते ओळखा. दहा वेळा."

"घ्या ना," ते म्हणाले. "बिलकुल घ्या."

आठवडाभर मी तयारी केली. रेकॉर्ड आणि कॉम्प्युटर एकाच वेळी सुरू ठेवायचे, आवाज बारीक करायचा, खटका फिरवायचा, आवाज मोठा करायचा. एकच अडचण होती. ते 'टेप'चं बटण आत जाताना वेगळं वाजायचं आणि बाहेर येताना वेगळं. मिस्त्री त्या आवाजावरूनच ओळखणार, याची मला खात्री होती. म्हणून मी कॉम्प्युटरची आणखी एक वायर 'रेडिओ'च्या भोकात घातली आणि बटणाऐवजी गोल खटका वापरायचं ठरवलं. तो 'रेकॉर्ड'वर न्या नाहीतर 'रेडिओ'वर, सारखाच वाजतो. म्हणजे बघा, ज्या माणसाच्या कानांना मी इतका भीत होतो, त्याला काही ऐकू येत नाही हे सिद्ध करायला मी निघालो होतो.

रविवारी नेहमीपेक्षा जास्त माणसं जमली. मी चादरीचा पडदा बांधला आणि आत बसलो. पाच वेळा रेकॉर्ड, पाच वेळा कॉम्प्युटर, असा क्रम कागदावर आधीच लिहून ठेवला होता. सनई सुरू केली, खटका फिरवला आणि विचारलं, "एक?"

"कॉम्प्युटर," मिस्त्री म्हणाले.

"दोन?"

"कॉम्प्युटर."

तिसऱ्यालाही कॉम्प्युटर, चौथ्यालाही. सहाव्या वेळी शिंपीकाका म्हणाले, "मिस्त्री, एकदा तरी रेकॉर्ड म्हना. चुकून बराबर यील."

"लागू तर द्या," मिस्त्री म्हणाले.

लोक हसायला लागले. मिस्त्री शांतपणे दहाव्यापर्यंत कॉम्प्युटरच म्हणत राहिले. मी पडद्याबाहेर आलो आणि वर्गात वाचतात तसा निकाल वाचला. पाच बरोबर, पाच चूक. तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मी पुढं म्हणालो, "नाणं उडवलं असतं तरी एवढेच मार्क पडले असते."

मिस्त्रींनी कागद मागून घेतला आणि बराच वेळ बघितला. मग म्हणाले, "चला, च्या घ्या समदे." सगळे अंगणात गेले. सुपरवायझरनं जाता जाता माझ्या पाठीवर थाप मारली.

मी आवराआवर करायला आत थांबलो. आधी कॉम्प्युटर बंद केला. रेकॉर्ड फिरत होती, सुई तिच्यावर होती, खटका 'रेकॉर्ड'वर होता. आणि खोलीत चिडीचूप. मला वाटलं वायर निसटली. मग नजर त्या 'टेप'च्या बटणाकडं गेली. ते आत दाबलेलंच होतं, तयारी करताना मीच दाबलेलं. ते आत असलं की खटका कुठंही फिरवा, कॉम्प्युटरच वाजतो. दहाही वेळा कॉम्प्युटरच वाजला होता. मिस्त्री दहाही वेळा बरोबर होते.

मी बटण बाहेर काढलं. रेकॉर्डवरची सनई सुरू झाली. बाहेर अंगणात, हातात कप घेऊन बसलेले मिस्त्री तेवढ्या गलक्यातून म्हणाले, "ही रेकॉर्ड हाये." आणि परत सगळे खो-खो हसले. "आता द्या ठोकून काहीबी," कुणीतरी म्हणालं. मी आत बटणावर अंगठा ठेवून उभा होतो. दारापर्यंत सहा पावलं होती. मी सुई उचलली आणि पंखा लावला.

का नाही सांगितलं? उत्तर साधं आहे. त्या लोकांनी त्या दिवशी पहिल्यांदा मला मनापासून 'सर' म्हटलं होतं, आणि ते मला अजून थोडा वेळ हवं होतं. उद्या एकट्यात सांगू, असं ठरवलं. उद्या सोमवार होता. मोटारसायकल आली आणि मिस्त्रींनी ती दारातूनच परत पाठवली. मी माडीवरून ऐकलं. "मालकाला सांगा, कान गेले मिस्त्रीचे. उगं कुनाच्या जिवाशी खेळ नको." पुढच्या सोमवारी कुणी आलंच नाही. सुपरवायझरनं मिलमध्ये सगळं रंगवून सांगितलं असणार. आता सांगायचं म्हणजे नुसत्या मिस्त्रींना सांगून भागणार नव्हतं, मिलमध्येही जाऊन सांगावं लागणार होतं. मी अजून चार दिवस थांबलो. मग महिना गेला. चोरी जुनी होत गेली तशी कबूल करायला जास्तच अवघड झाली.

मिस्त्री कुणाला काही बोलले नाहीत. रविवारची बैठक मोडली. बाजारात कुणी माठ पुढं केला तर म्हणायचे, "पानी भरून बघा. गळला तर परत करा." माझ्याशी पहिल्यासारखंच वागायचे, उलट थोडं जास्तच अदबीनं. रविवारीसुद्धा फ्रीज दिवसभर चालू राहायला लागला.

दसऱ्याला मिलमध्ये मशिनींची पूजा असते. जुन्या माणसांना बोलावतात, तसं त्यांनाही बोलावलं. झेंडूची फुलं आणि पेढ्यांचा पुडा घेऊन ते परत आले आणि पुडा न उघडताच माझ्या हातात दिला. त्यानंतर पाचव्या दिवशी त्याच मिलमधल्या एका गिअरबॉक्सचा दांडा तुटला. रुळापाशी सळई धरणाऱ्या एका तरुण कामगाराची उजव्या हाताची चार बोटं गेली. तो मिस्त्रींच्याच गावचा, त्यांनीच शब्द टाकून कामाला लावलेला.

मी क्लासवरून आलो तेव्हा ते जिन्याच्या पायरीवर बसले होते. म्हणाले, "सर, पूजेच्या दिशी मशीन दोन मिनिटं चालू केल्ती. मला आवाज आल्ता. बारीक, वाळू रगडल्यावानी."

"मग बोलला का नाही?" हे मी विचारलं. मी.

"काय बोलू? दहात पाच चुकलेला मानूस मी. चालू मशीन थांबवा म्हनायला तोंड पायजे ना." मग म्हणाले, "गेलेल्या कानाला काहीबी ऐकू येतं. भासच असंल. आन मंग दांडा तुटला तो आपला योगायोग. न्हाई का?"

ते माझ्याकडं बघत होते. शिकलेल्या माणसानं होकार द्यावा, एवढंच त्यांना हवं होतं.

"योगायोगच," मी म्हणालो.

त्या डिसेंबरात मुलगी त्यांना परतूरला घेऊन गेली. घर विकलं. संच त्यांनी मला दिला. मी नको नको म्हणत होतो. म्हणाले, "तुम्हाला फरक कळतो, तुम्हीच वापरा. माझ्याकडं नुसती धूळ खाईल."

पुढं माझं लग्न झालं, क्लास स्वतःचा झाला, संच दोन घरं बदलून माझ्या बैठकीत आला. आता फोनवरून बिनवायरचं गाणं लागतं त्याच्यावर. पाहुणे विचारतात, कुठून मिळवला. मी म्हणतो, एका जुन्या घरमालकांनी प्रेमानं दिला. हे वाक्य किती वेळा म्हणालो असेन. गेल्या दिवाळीत ते म्हणता म्हणता माझीच जीभ अडखळली, आणि दुसऱ्या दिवशी मी परतूरची गाडी पकडली. मनाशी पक्कं केलं होतं की सगळं सांगायचं. त्यांचा मान त्यांना परत द्यायचा. म्हातारा शिव्या देईल, पण सुखानं देईल, असं मला वाटलं होतं.

मिस्त्री खूप वाळले होते. अंगणात खाटेवर बसले होते. मी समोर येऊन उभा राहीपर्यंत त्यांनी मान वर केली नाही. ऐकू येत होतं, पण ऐकू आलेल्याचं ते काही करत नव्हते. त्यांची मुलगी शाळेत शिक्षिका आहे, ती फराळाच्या बशा घेऊन आली आणि तिथंच बसली. मी तिच्यादेखत सगळं सांगितलं. बटण, खटका, पडदा, अंगणातून त्यांनी 'ही रेकॉर्ड हाये' म्हटलेलं, सगळं. सांगताना रडलो.

मुलीचा चेहरा उजळला. "म्हणजे बाबांचे कान चांगले होते? मी सगळ्यांना म्हणत होते ना," ती म्हणाली. तिच्या आवाजात इतका आनंद होता की मलाही क्षणभर आपण चांगलं काम केलं असं वाटलं.

मिस्त्री हसले नाहीत. म्हणाले, "दहाच्या दहा?"

"दहाच्या दहा, मिस्त्री. एकही चूक नाही."

त्यांनी हातातली करंजी बशीत ठेवली. मग हळूच म्हणाले, "मंग मशीनचा आवाज खराच आल्ता."

खरं सांगतो, इतक्या वर्षांत हे माझ्या मनात एकदाही आलं नव्हतं. माझं पाप आणि त्यांचा मान, एवढंच मी उगाळत बसलो होतो. ते मात्र इतकी वर्षं ज्या एका भासाच्या आधारानं झोपत होते, तोच मी काढून घेतला होता.

"कोणता आवाज, बाबा?" मुलीनं विचारलं.

मिस्त्री माझ्याकडं बघून म्हणाले, "सर, हे तवाच सांगायला पायजे होतं. न्हाई तर आता तरी सांगायला नको होतं."